बेंडाजीची पळी

पोटातले जंत हे दारिद्र्याचं नव्हे, अज्ञानाचं लक्षण आहे, असं पशुआरोग्य शिबिराच्या अध्यक्षांनी मुलुंडच्या डोंगराखाली, भर उन्हात, टोपी सारखी करत सांगितलं. वस्तीला ते पटलं. अध्यक्षांनी त्याच आठवड्यात स्वतः जंताची गोळी घेतली होती, हे त्यांच्या ड्रायव्हरनं चहाच्या टपरीवर सांगितलं, तेव्हा तर जास्तच पटलं.

वस्ती डोंगर आणि पाण्याची मोठी पाइपलाइन यांच्या मधल्या उतारावर होती. घरं बहुतेक कणकवली-कुडाळकडच्या माणसांची. पुरुष गिरणीतले, म्हणजे होते. संप मागे घेतल्याचं गुणाजीला कोणी येऊन सांगितलं नव्हतं, त्यामुळे हिशेबानं तो अजून संपावरच होता. मधल्या काळात तो एका लाकडाच्या वखारीवर रात्रपाळीचा पहारा करत होता, एवढंच. त्याच्या बायकोनं, प्रेमानं, संपाच्या दुसऱ्या वर्षी एक बकरी घेतली. बकरीला रेशनकार्ड लागत नाही आणि डोंगरावर गवत फुकट. दोन वर्षांत घरोघरी बकऱ्या झाल्या, आणि सगळ्यांच्या एकत्र हाकून डोंगरावर न्यायचं काम प्रेमाकडे आलं.

शिबिरातली औषधाची बाटलीही तिच्याकडेच आली, पण त्यात निवड वगैरे काही नव्हती. तिच्या चांदी नावाच्या बकरीनं दावं टेबलाच्या पायाला गुंडाळून घेतलं होतं आणि ते सोडवायला ती वाकली होती. डॉक्टरांनी मान वर केली तर समोर तीच. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. फोटोत प्रेमाचं डोकं आणि चांदीची शिंगं आली.

औषध पांढरं, दाट, दुधाच्या सायीसारखं. नाव लांबलचक होतं आणि त्याच्या शेवटी बेंडाझोल असं काहीतरी होतं. वस्तीनं त्याचं बेंडाजी केलं. गुणाजी, शिवाजी, तसा बेंडाजी. मापाचं टोपण पहिल्याच महिन्यात डोंगरावर कुठेतरी पडलं, तेव्हा प्रेमानं देव्हाऱ्यातली तीर्थाची पळी घेतली.

"देवाची पळी बकऱ्याच्या तोंडात घालतंस?" सोनूबाई, तिची सासू, खाटेवरून ओरडली. "लाज नाय वाटणा तुका?"

"धुऊन ठेवते ना, आई."

"धुवून काय, बकऱ्याचा वास जाता?"

पळी परत देव्हाऱ्यात गेली नाही. देवाला चमचा मिळाला.

पळीचं ठरलं, पण पळ्या किती, यावर तंटा झाला. धाकूचा बोकड पाठीला कमरेएवढा होता. धाकू म्हणाला, "माझ्याला दोन पाहिजेत. एवढासा करडू आणि हा, दोघांना एकच म्हणजे काय?"

"का?" मालन म्हणाली. मालनच्या तीन बकऱ्या होत्या, तिन्ही रोड. "तुमचा बोकड जावई लागून गेला काय सगळ्यांचा? बाटली सरकारची आहे."

प्रकरण भाऊरावांकडे गेलं. भाऊराव गिरणीत युनियनचे होते आणि अजूनही बोलताना हात वर करत. त्यांनी हात वर करून निकाल दिला: प्रत्येक जिवाला एक पळी, कमी नाही, जास्त नाही, कोणाचा बोकड कितीही मोठा असो. देशात समाजवाद कुठे आला नसेल, पण मुलुंडच्या त्या उतारावर, पितळेच्या त्या पळीत, तो काठोकाठ आला.

डॉक्टरांनी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा सांगितलं होतं. पण दोनदा दिल्यानं एवढा गुण, तर दर महिन्याला दिल्यानं किती, असा सरळ हिशेब होता. अमावस्या ठरली, लक्षात राहायला सोपी. बाटली संपली की प्रेमा स्टेशनपलीकडच्या गुरांच्या दवाखान्यात जाऊन दुसरी आणायची. पहिल्या वर्षी बकऱ्यांच्या अंगावर तकाकी आली, करडं तगली. बायका नळावर तिला 'डाक्टरीणबाई' म्हणू लागल्या. थट्टेनंच, पण हंडा पुढे सरकवून.

एकट्या शकुनं बेंडाजीला दारात येऊ दिलं नाही. तिचं आणि प्रेमाचं नळावरून वाजलं होतं, तेव्हापासून ती आपली एकुलती एक बकरी कळपात सोडत नसे. पाइपलाइनच्या पलीकडे, रेल्वेच्या बाजूला, ती स्वतः दावं धरून चारून आणायची.

तिसऱ्या वर्षी श्रावणात पाऊस धरून बसला. डोंगरावरचं गवत गुडघ्याएवढं, आणि बकऱ्या मात्र वाळत चालल्या. आधी मालनची तांबडी चढावर बसायला लागली. प्रेमानं तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असायला हवं, तिथं धुतलेल्या कापडासारखं पांढरं होतं. चार दिवसांत तिच्या जबड्याखाली पाण्याची थैली आली, बोट दाबलं की खळगा पडे आणि राही. मग दुसऱ्या बकरीला आली. मग धाकूच्या बोकडाला.

पिठोरी अमावस्येला प्रेमानं सगळ्यांना पळी दिली. काम सोपं नव्हतं. बकरीला दोन पायांत धरायची, डाव्या हाताचा अंगठा जबड्याच्या कोपऱ्यात घालून तोंड उघडायचं, पळी जिभेच्या मागे रिकामी करायची आणि नरडं हललेलं दिसेपर्यंत तोंड धरून ठेवायचं. चिखलात पाय सरकत. एकेका बकरीनं तिच्या मांडीवर शिंगांचे निळे वण ठेवले. सगळं झालं तेव्हा तिच्या हाताला, पदराला, केसांना बेंडाजी लागलेला होता.

दुसऱ्या दिवशी वस्ती गणपतीला गावी निघाली. यष्टीची तिकिटं महिन्याआधी काढलेली. शकु सोडून प्रत्येकानं जाताना आपली बकरी प्रेमाच्या दारात बांधली.

"लक्ष ठेव गो," मालन म्हणाली. "तांबडीला वायच जास्त बघ."

"बघते. जा तुम्ही. माझ्या वाटणीचं पाया पड."

प्रेमा जाणार नव्हती. सासू खाटेवर, दारात सगळ्यांच्या बकऱ्या.

गौरी येण्याआधी तांबडी मेली. सकाळी प्रेमा दावं सोडायला गेली तर मान चिखलात, पाय ताठ. गुणाजी वखारीवरून आला तसाच, बूट न काढता, कुदळ घेऊन उतारावर गेला. वीतभर मातीखाली कातळ लागला. कुदळ उसळून त्याच्या नडगीवर बसली. त्यानं शिवी दिली, जागा बदलली, पुन्हा कातळ. शेवटी दोघांनी मिळून घमेल्यानं माती ओढली आणि वर दगड रचले. दुसऱ्या दिवशी दगडांवर कावळे बसलेले दिसले.

"आणखी एकदा औषध दे," गुणाजी म्हणाला.

"अमावस्येला दिलं की."

"मग?"

"मग काय? पिते आणि मरते."

तिनं पुन्हा दिलं. पळी घासून घेतली, बाटली हलवून घेतली, सगळं सारखं. धाकूचा बोकड गेला. दोन करडं गेली. दर खेपेला खड्डा आधीच्यापेक्षा उथळ होत गेला, कारण गुणाजीची पाठ धरली होती. गणपतीच्या आरतीचा आवाज खालच्या चाळीतून वर यायचा आणि ती दोघं घमेलं घेऊन उतारावर.

माणसं नारळ, चुरमुऱ्याचे लाडू आणि गावचे तांदूळ घेऊन परतली. मालननं पिशवी खाली ठेवली.

"तांबडी कुठाय?"

प्रेमानं सांगितलं. मालन दारातल्या बकऱ्या मोजत राहिली, जणू तांबडी त्यांच्या मागे कुठे लपली असावी. धाकू मात्र बोलला.

"आणि बोकड? माझा बोकड गावच्या देवाच्या राखणीला द्यायचा होता, माहीत आहे ना तुला? चार माणसांत शब्द देऊन आलो मी."

"मी काय मुद्दाम मारला, धाकूभावजी?"

"औषध दिलंस?"

"दोनदा दिलं."

"औषध दिलंस तर मरतो कसा? तीन वर्षं मरत नव्हता, आता मी गावी गेल्यावर बरा मरतो?"

त्याचं उत्तर दुसऱ्यांनी काढलं. पहिल्यांदा कोण बोललं कळलं नाही, पण संध्याकाळपर्यंत नळावर ते पक्कं झालेलं होतं: प्रेमा बाटल्या खालच्या तबेलेवाल्या भय्याला म्हशींसाठी विकते आणि बकऱ्यांना खडू कालवून पाणी पाजते. पांढरं ते पांढरं. कोण चाखून बघणार?

"तबेलेवाला हल्ली बघ कसा राम राम करतो तिला," शकु म्हणाली. "मी म्हणून माझ्या बकरीला हात लावू दिला नाही."

डाक्टरीणबाईची 'खडूवाली' झाली. नळावर तिचा हंडा कोणी मागे सारत नव्हतं; तिचा नंबर आला की फक्त सगळ्या गप्प होत आणि पाण्याचा आवाज तेवढा मोठा वाटे. घरी सोनूबाईनं भिंतीकडे तोंड केलं. "देवाची पळी बाटवलंस, तेचाच ह्या फळ," ती म्हणाली. गुणाजीला प्रेमानं रात्रीची भाकरी वाढताना विचारलं, "तुम्हाला तरी माझं खरं वाटतं ना?"

"मला वाटून काय उपयोग?" तो म्हणाला. भाकरी मोडता मोडता थांबला आणि म्हणाला, "तसे पैसे घरात आले असते तर खड्ड्यांना गडी लावला असता, माझी पाठ धरली नसती."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टर विद्याधर शिबिराच्या वेळी नुकतेच लागले होते. आता त्यांचे पुढचे केस गेले होते आणि पँटच्या कडांना शेण लागलेलं असे. त्यांनी तिचं ऐकून घेतलं.

"औषध दिलंत?"

"दिलं."

"नक्की?"

"म्हणजे काय हो?"

"बाई, हे औषध परदेशात तपासलेलं आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव जंत मारतं. बकऱ्या मरतात याचा अर्थ औषध पोटात गेलेलं नाही. लोक बाटल्या नेतात आणि कुठे घालवतात ते आम्हाला कळत नाही असं समजू नका."

बाकावर म्हशीची चिठ्ठी घेऊन बसलेल्या माणसानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. प्रेमाचे कान तापले. इथंही तेच. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"तुम्ही या," ती म्हणाली. "बाटली तुमची. हात तुमचा. सगळ्यांसमोर पाजा. मग मेली तर मला सांगा, कोणी विकलं."

"मला तेवढंच काम आहे का?"

"तबेल्यात येता ना दर गुरुवारी? तबेल्यापासून वर यायला एक चढ आहे."

डॉक्टर आले, बहुधा तिला खोटं पाडायलाच. येताना बंद बाटली आणली आणि बूच सगळ्यांसमोर उघडलं. भाऊरावांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. म्हणाले, आधी वजन. वजनकाटा वस्तीत एकच, खंडू भंगारवाल्याचा, टांगायचा. चांदीच्याही जबड्याखाली आता थैली लोंबत होती; तिला गोणपाटात गुंडाळून हुकाला लटकवली. तिचे चार पाय गोणपाटाबाहेर हवेत चालत राहिले आणि खंडूनं सवयीनं काटा बोटानं जरा दाबला.

"बोट काढ," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पिचकारीत औषध मापून ओढलं. मग त्यांचं लक्ष प्रेमाच्या हातातल्या पळीकडे गेलं.

"हे काय?"

"पळी. ह्यानंच देते मी."

"किती?"

"एक. सगळ्यांना सारखी."

डॉक्टरांनी पळी घेतली आणि पिचकारीतलं औषध तिच्यात सोडलं. पळी भरली, काठावरून ओघळली, त्यांच्या बोटांवर आली, आणि पिचकारीत निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. त्यांनी पळीतलं पुन्हा पिचकारीत ओढून घेतलं, सांडलं तेवढं बाटलीतून भरलं आणि सगळं चांदीला पाजलं.

"आणखी एक बकरी पाहिजे," ते म्हणाले. "हे औषध कधीच न घेतलेली."

सगळ्यांनी शकुकडे पाहिलं. तिची बकरीही त्या पावसात उतरली होती. जबड्याखाली तिलाही थोडी थैली धरली होती. शकुनं पदर खोचला.

"पाजा माझ्या बकरीला. बाटली खरी की खडू, ते कळू दे एकदाचं."

त्याच बाटलीतून, वजन करून, डॉक्टरांनी शकुच्या बकरीला दिलं. जाताना म्हणाले, कुठलीही मेली तरी पुरू नका, मला बोलवा.

तिसऱ्या दिवशी चांदी मेली. तिची गेल्या वर्षी जन्मलेली लेक, तरणी पाठ, शेजारी उभी राहून तिचा कान चघळत होती. शकुची बकरी त्याच सकाळी दावं तोडून पाइपलाइनवर चढली आणि खाली उतरायला तयार होईना.

डॉक्टरांनी चांदीला पाइपाच्या सावलीत, फळीवर कापली. वस्ती गोल उभी राहिली. प्रेमा सगळ्यांत पुढे, हातात पाण्याची बादली. तिच्याच बकरीचं पोट होतं, आणि ती बघत राहिली. डॉक्टरांनी आतडी बाजूला केली, मागच्या कोठ्यातली एक पिशवी शोधली, ती चिरली आणि उलटी पसरली. आत केसांच्या गुंत्यासारखं काहीतरी होतं. लाल-पांढरा पीळ घातलेले दोरे, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, शेकड्यांनी. डॉक्टरांनी बादलीतलं पाणी घालून गुंता सोडवला.

दोरे वळवळत होते.

"जिवंत आहेत," धाकू म्हणाला.

"जिवंत आहेत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा दंडानं वर सरकवला. "माझ्या हातचं, पूर्ण मापाचं औषध पिऊन तीन दिवस झाले आहेत ह्यांना."

"मग ती बाटली..."

"बाटली तीच. शकुबाईंची बकरी पाइपावर नाचते आहे ना?"

मग त्यांनी समजावलं. गावाला भाताचं बी राखता ना, म्हणाले, सगळ्यांत भरलेल्या लोंब्या निवडून? तसंच झालंय. अर्ध्या मापाचं औषध दिलं की कच्चे जंत मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात. त्या चिवटांचीच अंडी लेंड्यांतून गवतावर पडतात. दर महिन्याला तुम्ही कच्चे काढून टाकलेत आणि चिवट राखलेत. तीन वर्षं. आता ह्या डोंगरावरच्या जंताला हे औषध म्हणजे पाणी. त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "मीही तीन वर्षं तेच देत आलो. एकदा वर येऊन बघायला पाहिजे होतं."

बी राखण्याची गोष्ट सगळ्यांना लगेच कळली. इतकी कळली की कोणी कोणाकडे बघेना.

"म्हणजे हिनं विकलं नव्हतं," भाऊराव शेवटी म्हणाले. हात वर केला नाही.

"नाही. दिलं. प्रामाणिकपणे दिलं. तेच नडलं."

प्रेमानं बादली खाली ठेवली. "धाकूभावजींच्या बोकडाला मी तेव्हा दोन पळ्या दिल्या असत्या तर?"

"तीन लागल्या असत्या. आणि वर्षातून दोनदाच. तर कदाचित हे झालं नसतं."

"तीन," ती म्हणाली. मालनकडे वळली. "मी तीन दिल्या असत्या तर तू मला ह्या वस्तीत राहू दिलं असतंस?"

मालन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. शकु आपली बकरी उतरवायला निघून गेली. माफी कोणी मागितली नाही. फक्त दुसऱ्या सकाळी नळावर रांगेतला प्रेमाचा हंडा ती येण्याआधीच कोणीतरी भरून बाजूला ठेवलेला होता, आणि कोणी भरला ते तिनं विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्या जातीचं औषध आहे, ते ह्या जंतांना चालेल, पण आमच्या पुरवठ्यात नाही; मागवतो. वस्तीनं ऐकलं. चोरीचा संशय होता तोवर माणसं बकऱ्या धरून बसली होती, चोर सापडला की सगळं ठीक होणार होतं. आता चोर नव्हता, डोंगर होता. पुढच्या रविवारी भांडुपचा खाटीक वर आला. मालननं उरलेल्या दोन्ही दिल्या. धाकूनं करडं दिली. शकुची बकरी सगळ्यांत भरलेली, तिला भाव चांगला आला. खाटकानं पापण्या ओढून पाहिल्या, मान हलवली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला. प्रेमा दोन रविवार दार लावून बसली.

डॉक्टर दसऱ्यानंतर आले. त्यांनी मुंबईत चार ठिकाणी पायपीट केली होती आणि एक पिवळी बाटली मिळवली होती. सोबत मापाचा काचेचा पेला, आणि दवाखान्याचा स्वतःचा वजनकाटा रिक्षात घालून आणला होता. वस्ती जमली. डॉक्टर बराच वेळ बोलले. प्रत्येक बकरीचं वजन. वजनाप्रमाणे पूर्ण मात्रा. वर्षातून दोनदा, एकदाही जास्त नाही. बाहेरून आणलेली बकरी आधी वेगळी बांधायची. समजलं?

समजलं, असं सगळ्यांनी सांगितलं. इतकं लक्ष देऊन त्या वस्तीनं युनियनचं भाषणही ऐकलं नव्हतं.

"आता ही बाटली सांभाळणार कोण?"

"प्रेमा," धाकू म्हणाला, सगळ्यांत आधी.

"प्रेमाच," मालन म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नका, डॉक्टरसाहेब."

भाऊरावांनी हात वर केला. मग सगळ्यांचे वर गेले, शकुचासुद्धा. खाटेवरून सोनूबाईनं "माझ्या सुनेक दिया" असं आतून ओरडून सांगितलं. प्रेमानं पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी बाटली घेतली. डॉक्टर एवढ्या लांबून, एवढं ओझं घेऊन आलेले. त्यांना मधेच थांबवणं कोणाला बरं दिसलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

चांदीची पाठ ही वस्तीतली शेवटची बकरी. तिला खाटकानं मागच्या रविवारी नेलं होतं.